पाच शर्यतींसाठी घरावर कर्ज काढावं का?

पत्र थोडक्यात: "आम्ही पंचवीस वर्षं नॉर्थ कॅरोलिनात केरीला राहतो. मुलगा २३ वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर आहे. मूर्सव्हिलला रेसिंगच्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात नोकरी करतो. तेराव्या वर्षी लेजेंड्स गाड्यांपासून सुरुवात केली. गेली चार वर्षं हिकरी आणि साउथ बोस्टनच्या ट्रॅकवर लेट मॉडेल (छोट्या ट्रॅकवरच्या शर्यतींची गाडी) चालवतो, दोन शर्यती जिंकलाय. आता नॅसकार या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या संस्थेच्या ट्रक (पिकअप) मालिकेतल्या एका संघानं पाच शर्यती देऊ केल्यात, पहिलीच डेटोनाला. पण पैसे आम्ही आणायचे. हे घरावर कर्ज काढायला तयार आहेत. मुलगा म्हणतो, नोकरी सोडतो आणि पूर्ण लक्ष देतो. सांगलीचे नातेवाईक फोनवर विचारतात, 'पार्ट टाइम रेसिंग म्हणजे नक्की काय करतो?' मला उत्तर देता येत नाही. हे करिअर आहे का? आणि त्यासाठी घर पणाला लावावं का?"

ताई, सांगलीकरांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू. तुमच्या घरातली निम्मी घालमेल त्या 'पार्ट टाइम' शब्दानं केलेली दिसते. आपल्या कानाला तो शब्द संध्याकाळच्या शिकवणीसारखा वाटतो. नॅसकारमध्ये त्याचा अर्थ एवढाच, की हा चालक हंगामातल्या सगळ्या शर्यतींत उतरत नाही. २०२५ मध्ये कप या सगळ्यात वरच्या मालिकेत गुणांच्या ३६ शर्यती होत्या, तिच्याखालच्या एक्सफिनिटीत ३३ आणि ट्रकमध्ये २५. (एक्सफिनिटीचं नाव २०२६ पासून ओ'रायली झालंय.) पंचवीसपैकी पाच चालवल्या की झालात पार्ट टाइम. त्या पाच दिवशी ट्रक, टायर, भिंत आणि शेजारून घुसणारा माजी विजेता, सगळं फुल टाइमच असतं.

२०११ ची डेटोना ५०० जिंकणारा ट्रेव्हर बेन पार्ट टाइमच होता. वय वीस वर्षं आणि एक दिवस. गाडी वुड ब्रदर्सची, क्रमांक २१, आणि त्या संघाचा पूर्ण हंगाम चालवण्याचा बेतच नव्हता. त्यातून नॅसकारच्या नियमानुसार चालकाला गुणांसाठी एकच मालिका निवडावी लागते. बेननं खालची निवडली होती. त्यामुळे कपमधली सगळ्यात मोठी शर्यत जिंकूनही कपच्या गुणतक्त्यात त्याच्या नावावर भोपळा. पुढे त्याला कपमध्ये पूर्ण हंगामही मिळाले, २०१८ नंतर ती जागा गेली, आणि त्यानं टेनेसीत कॉफीचा व्यवसाय उभा केला. तेव्हा हे करिअर आहे का, तर आहे. पण ते शर्यतीच्या पाच दिवसांवर उभं राहत नाही. उरलेल्या तीनशे साठ दिवसांत माणूस काय करतो आणि घरभाडं कशातून भरतो, यावर उभं राहतं. म्हणून नोकरी सोडण्याचा मुलाचा बेत मला घरावरच्या कर्जाइतकाच काळजीचा वाटतो.

आधी पैशाचं बघू. संघानं पाच शर्यती 'देऊ केल्या' असं तुम्ही लिहिलंय. खरं म्हणजे त्यांनी त्या विकायला काढल्यात. यात फसवणूक नाही, या धंद्याची रीतच ती आहे. मधल्या फळीतले अनेक संघ जागा विकूनच हंगाम काढतात. स्वतःच्या खिशातून चालक नेमणारे संघ मोजके. बहुतेक वेळा चालकानं प्रायोजक आणायचा, नाहीतर घरच्यांनी पैसे घालायचे. ट्रकच्या एका शर्यतीचा खर्च हजारो डॉलरच्या घरात जातोच, आणि ट्रक चांगला असेल तर आकडा झपाट्यानं चढतो. म्हणून एकूण रकमेवर घासाघीस करण्याआधी त्या रकमेत काय बसतं ते लेखी मागा. टायरचे किती सेट? इंजिन कुणाचं, आणि मागच्या दुरुस्तीनंतर किती मैल चाललेलं? कोणती चासी, आणि ती याआधी कोणत्या ट्रॅकवर धावली? पिट क्रू (शर्यतीत टायर बदलणारी, इंधन भरणारी माणसं) स्वतःचा, की त्या दिवसापुरता भाड्यानं आणलेला? स्पॉटर कोण, आणि पाचही शर्यतींना तोच असेल का? छपरावरून रेडिओवर 'डावीकडे गाडी आहे, मोकळं झालं' सांगणारा माणूस दर वेळी नवा असेल, तर चालक निम्मं लक्ष त्याचा आवाज ओळखण्यात घालवतो.

करारात बहुतेक घरं ठेचकाळतात ती नुकसानभरपाईच्या कलमावर. ट्रक भिंतीला लागला तर दुरुस्ती कुणाच्या खिशातून? दुसऱ्याच्या चुकीनं लागला तर? कमाल मर्यादा किती? हे कलम मोघम असेल, तर पाच शर्यतींसाठी काढलेलं कर्ज दुसऱ्याच शर्यतीत संपून वर बिल येऊ शकतं. मर्यादेचा आकडा लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

दुसरी मेख पात्रतेची. शर्यतीत जागा मर्यादित असतात. पात्रता फेरी पावसानं वाहून गेली, तर वेग दाखवायची संधीच मिळत नाही. मग कोण उतरणार हे ठरवताना त्या ट्रकच्या क्रमांकामागे जमलेले मालकगुण मोठे ठरतात. हे गुण चालकाचे नसतात, क्रमांकाला चिकटलेले असतात. वर्षभर धावणाऱ्या क्रमांकाची एक जागा अनेक चालक आलटून पालटून चालवत असतील, तर तुमचा मुलगा त्यात सुरक्षित. पण कधीमधीच बाहेर काढलेला तिसरा ट्रक त्याला दिला असेल, तर एका पावसात सगळा लवाजमा न धावता परत येऊ शकतो. तेव्हा विचारा: आम्ही कुठल्या क्रमांकावर, तो मागच्या हंगामात किती शर्यतींत होता, आणि न उतरता परतलो तर किती पैसे परत? बक्षिसाची रक्कमही संघमालकाच्या हाती जाते. चालकाचा वाटा करारात लिहिलेला असेल तेवढाच.

आता डेटोना. पहिली शर्यत तिथं, याचा मुलाला आनंद झाला असणार. मला तो सौदा पटत नाही. अडीच मैलांच्या त्या ट्रॅकवर गाड्या एकमेकींच्या हवेत, झुंडीनं धावतात. वेग ट्रक आणि झुंड ठरवते, आणि नवखा चालक वीस जणांच्या अपघातात काही न चुकताही सापडतो. दुसऱ्या दिवशी हाती काय? 'डेटोनाला धावला' एवढं वाक्य आणि वाकलेला ट्रक. शिवाय नॅसकार चालकाला ट्रॅकच्या प्रकारानुसार मंजुरी देते. आधी छोटे ट्रॅक, मग दीड मैलांचे, मग डेटोना-टॅलाडेगासारखे, असा साधारण क्रम. तुमच्या मुलाची चार वर्षं गेली हिकरीच्या एक तृतीयांश मैलाहून थोड्या मोठ्या ट्रॅकच्या वळणांत. त्या शिक्षणाचा खरा उपयोग मार्टिन्सव्हिल आणि ब्रिस्टलला होतो. दोन्ही साधारण अर्ध्या मैलाचे. तिथं ब्रेक जपून वापरणं, टायर शेवटच्या टप्प्यासाठी राखणं आणि वळणातून बाहेर पडताना मागची चाकं न घसरवता गाडी उचलणं लागतं. लेट मॉडेल शिकवते ते हेच.

म्हणून माझा उलटा प्रस्ताव. पाच सुमार शर्यतींच्या पैशांत दोन-तीन चांगल्या घ्या. मार्टिन्सव्हिल आणि ब्रिस्टल ट्रकमध्ये, आणि जमलं तर त्याआधी एआरसीए मालिकेत एखाद-दुसरी शर्यत. २०१८ पासून एआरसीए नॅसकारच्याच मालकीची आहे. तिथं स्पर्धा थोडी विरळ, खर्च कमी, आणि मोठ्या ट्रॅकच्या मंजुरीकडे जाणारी वाटही तिथूनच. संघ म्हणेल, 'पाचांचाच पॅकेज आहे.' म्हणू द्या. हंगाम जवळ आला आणि जागा रिकामी राहिली, की पॅकेज सुटं होतं.

जोश बेरीचं उदाहरण मुलाला माहीत असेलच, तुम्हीही वाचून ठेवा. टेनेसीत बँकेत नोकरी करणारा हा मुलगा नामवंत चालक डेल अर्नहार्ट ज्युनिअरच्या संघासाठी वर्षानुवर्षं लेट मॉडेलच चालवत राहिला. २०२१ मध्ये, तिशी गाठल्यावर, एक्सफिनिटीत त्याला मोजक्या शर्यतींची पार्ट टाइम जागा मिळाली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो मार्टिन्सव्हिलला जिंकला. ओळखीचा ट्रॅक, चांगली गाडी. पुढच्या वर्षी पूर्ण हंगाम, २०२४ मध्ये कप, आणि मार्च २०२५ मध्ये लास वेगासला कपमधला पहिला विजय. तोही वुड ब्रदर्सच्या त्याच २१ क्रमांकात. तुमचा मुलगा तेवीसचा आहे. घाई कशाची?

रॉस चेस्टेनची गोष्ट जरा कडू आहे. कलिंगडांची शेती करणाऱ्या फ्लोरिडातल्या घरातला हा मुलगा कमकुवत गाड्या चालवत राहिला. २०१८ मध्ये गनासी संघाच्या चांगल्या गाडीत त्याला फक्त तीन शर्यती मिळाल्या आणि त्यातली लास वेगासची तो जिंकला. २०१९ चा पूर्ण हंगाम जाहीर झाला. मग डिसेंबरात प्रायोजक डीसी सोलरवर एफबीआयचा छापा पडला, पुढे मालकांनी फसवणुकीचे गुन्हे कबूल केले, आणि नवीन वर्ष उजाडताच ती गाडीच बंद झाली. चेस्टेनची त्यात काहीच चूक नव्हती. तो परत ट्रकमध्ये गेला, इतर संघांकडे तुकड्या-तुकड्यांत धावला आणि तिथून वर आला. यातून कुटुंबानं घ्यायचं ते एवढंच, की प्रायोजकाचा शब्द म्हणजे बँकेतली शिल्लक नव्हे. प्रायोजकाचे पैसे आधी, शर्यतीगणिक हप्त्यानं येऊ द्या. ते खात्यात आल्यावरच संघाला पुढचा हप्ता.

प्रायोजक मिळवायचा कसा? केरी-मॉरिसव्हिल भागात मराठी आणि एकूण भारतीय व्यावसायिक भरपूर. पण ट्रकवर नाव रंगवून दिलं तर किराणा दुकान किंवा मनुष्यबळ पुरवणारी आयटी कंपनी खूश होईल, हा भ्रम. टीव्हीवर तो ट्रक दिसलाच तर काही सेकंद. त्यांना उपयोगी पडतं ते वेगळं. मार्टिन्सव्हिलला त्यांच्या पंधरा-वीस ग्राहकांना घेऊन जाणं, गॅरेजमध्ये फिरवणं, चालकाशी गाठ घालून देणं, एका प्रायोजकाची दुसऱ्याशी ओळख करून देऊन त्यांचा आपसात धंदा जमवणं. मुलगा इंजिनिअर आहे, एखाद्या शाळेच्या रोबोटिक्स गटापुढे बोलायला जाऊ शकतो. असं काय-काय करणार याचं दोन पानी टिपण करून मगच फोन लावा. आणि 'मी प्रायोजक आणतो, आधी फी द्या' म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच नमस्कार. खरा एजंट आलेल्या पैशातून टक्केवारी घेतो.

आता घर. घरावरच्या कर्जाला तारण घरच असतं, व्याजदर बऱ्याचदा बदलता, आणि इथं परतफेड होईल असं उत्पन्न समोर दिसत नाही. दोन शर्यतींत पहिल्या दहांत आला, तरी त्यातून हप्ता भरण्याइतका चेक येत नाही. यजमानांना एकच विचारा: हे सगळे पैसे बुडाले असं आजच धरून चाललो, तर किती देता येतील? तो आकडा द्यायचा, तोही बचतीतून. घर कागदावर येऊ देऊ नका. करांच्या बाबतीत हिशेबनिसाला आधीच भेटा. पाचपैकी तीन वर्षं नफा दिसला तर आयआरएस, म्हणजे इथलं कर खातं, तो उद्योग मानून चालतं. तसं नसेल, तर हा व्यवसाय आहे की छंद हे तुम्हाला पटवून द्यावं लागतं, आणि छंद ठरला तर खर्च वजा होत नाही. प्रत्येक पावती, प्रायोजकाचं प्रत्येक पत्र जपून ठेवा.

तुमचा मुलगा इथला नागरिक असावा, असं पत्रावरून वाटतं. पण असाच विचार करणारे एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरचे वाचकही असतील. त्यांच्यासाठी सांगते: एच-१बीवर अर्ज केलेल्या मालकाचंच काम करता येतं. बक्षीस, प्रायोजकाचं मानधन, संघाचा चेक, यांतलं काहीही अनधिकृत काम ठरू शकतं. सही करण्याआधी इमिग्रेशन वकील गाठा. खेळाडूंचे व्हिसा वेगळे असतात.

नोकरी मुळीच सोडू नये. मूर्सव्हिल हे गाव स्वतःला 'रेस सिटी' म्हणवतं ते उगीच नाही. तिथं राहून, रेसिंगच्याच कारखान्यात काम करणारा इंजिनिअर असणं ही त्याची सगळ्यात मोठी पुंजी आहे. नॅसकारनं संघांना हवा तेव्हा ट्रॅकवर जाऊन सराव करायला बंदी घातलीय, आणि शर्यतीच्या दिवशीचा सराव बहुधा अर्ध्या तासाच्या आतबाहेर. एवढ्या वेळात ट्रकला काय दुखतंय हे नेमकं सांगणारा चालक संघाला हवा असतो. 'गाडी बरी नाही' हे वाक्य निरुपयोगी. वळणात शिरताना पुढून सरकते, मध्यावर बसते, बाहेर पडताना गॅस दिल्यावर मागून सुटते, हे तीन तुकड्यांत आणि दहापैकी किती गुणांचं दुखणं आहे ते सांगता आलं, तर क्रू चीफ (गाडीची जुळवणी ठरवणारा प्रमुख) मागच्या स्प्रिंगवरचा दाब किंवा ट्रॅकबारची, म्हणजे मागचा आस जागेवर धरणाऱ्या दांड्याची, उंची किती हलवायची ते ठरवतो. एका वेळी एकच बदल. दोन केले तर कुणाचा परिणाम कळत नाही. हे कौशल्य लेट मॉडेलमध्ये फुकट घोटता येतं. प्रत्येक शनिवारनंतर पानभर टिपण लिहायचं.

लेट मॉडेलमध्ये शिकायला मिळत नाही ते म्हणजे पिट रोड, टायर-इंधनासाठी आत यायचा रस्ता. नॅसकारच्या गाड्यांत स्पीडोमीटर नसतो. वेगमर्यादा इंजिनाच्या फेऱ्यांवरून आणि डॅशवरच्या दिव्यांवरून पाळायची. नवखे हमखास इथंच चुकतात, आणि दंड म्हणून रांगेच्या शेवटी जातात. अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर तिथून वर यायला दिवस पुरत नाही. सिम्युलेटरवर पिटमध्ये शिरणं आणि खुणेवर थांबणं शंभर वेळा करू द्या. तेवढ्यासाठी महागडं यंत्र नको, घरचं चाक-पेडल आणि आयरेसिंग हा संगणकावरचा शर्यतीचा खेळ पुरे. त्यातले ट्रॅक लेझरनं मोजून बनवलेले आहेत.

सांगलीला आता सांगता येईल: 'आठवडाभर रेसिंगच्या गाड्यांचे भाग बनवतो, आणि सुट्टीच्या दिवशी ते मोडतात का बघतो.' त्यांना भारतीय नाव हवंच असेल तर नारायण कार्तिकेयनचं सांगा. फॉर्म्युला वनमध्ये धावून आलेल्या या चालकानं २०१० मध्ये याच ट्रक मालिकेत मोजक्या शर्यती केल्या, मार्टिन्सव्हिलपासून सुरुवात केली, आणि त्या वर्षी मालिकेतला सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून निवडून आला. पुढच्या वर्षी तो परत फॉर्म्युला वनमध्ये गेला. लोकप्रियतेनं ट्रकची जागा टिकली नाही, हेही जाता जाता सांगायला हरकत नाही.

पत्रात जे लिहिलं नाहीत, पण ओळींमधून दिसतं, त्याबद्दल. नॅसकारचा दिग्गज चालक डेल अर्नहार्ट २००१ च्या डेटोना ५०० मध्ये अपघातात मरण पावला. त्याच वर्षी नॅसकारनं डोकं आणि मान धरून ठेवणारं उपकरण सक्तीचं केलं, पुढे भिंतींना धक्का शोषणारे अडसर आले. त्यानंतर नॅसकारच्या तीन राष्ट्रीय मालिकांच्या शर्यतींत एकाही चालकाचा मृत्यू झालेला नाही. पण मेंदूला बसणारे हादरे अजून आहेत. कर्ट बुश हा कपचा विजेता. जुलै २०२२ मध्ये पोकोनोच्या पात्रता फेरीत त्याची गाडी आदळली, आणि त्याची पूर्ण वेळची कारकीर्द तिथंच थांबली. पार्ट टाइम चालकाला इथं जादा धोका असतो. 'डोकं दुखतंय' म्हटलं तर पुढची शर्यत दुसऱ्याला जाईल, या भीतीनं तो गप्प बसतो. मोसमाआधी होणाऱ्या मेंदूच्या तपासणीत मुद्दाम कमी गुण काढू नकोस, आणि आपटल्यावर लपवू नकोस, हे दोन्ही त्याला तुम्हीच सांगा. बापाचं अशा वेळी ऐकत नाहीत.

दुसऱ्याच्या ट्रकमध्ये बसणाऱ्याला आणखी एक धोका, सीटचा. आधीच्या चालकाच्या मापाची सीट म्हणजे बरगडीपाशी पोकळी आणि खांद्याचे पट्टे चुकीच्या कोनात. शर्यतीच्या किमान आठवडाभर आधी संघाच्या कारखान्यात जाऊन त्याच्या पाठीच्या मापाचा साचा ओतून घ्यायचा, पेडल आणि स्टीअरिंगचं अंतर लावायचं, डोक्याच्या आधाराची फट तपासायची. पट्ट्यांवरची तारीखही बघायची, त्यांना मुदत असते. 'शर्यतीच्या सकाळी बघू' म्हणणारा संघ बाकीच्या गोष्टीही सकाळीच बघतो.

विमा: सव्वीस वर्षांचा होईपर्यंत तो तुमच्या आरोग्य विम्यात राहू शकतो. रेसिंगमधल्या दुखापती त्यात वगळल्यात का, ते कंपनीकडून लेखी विचारा. आयुर्विम्याच्या अर्जात रेसिंग लपवू नका. हप्ता वाढेल, पण लपवलं तर दावा नाकारला जाऊ शकतो.

संघाच्या भेटीला तिघंही जा, वकिलाला करार दाखवून झाल्यावर. मार्टिन्सव्हिल, ब्रिस्टल, नुकसानीची मर्यादा, क्रमांकाचे मालकगुण, सीट, एवढंच बोला. ते मान्य नसेल, तर नकार देऊन परत या. शरद ऋतूत मार्टिन्सव्हिललाच लेट मॉडेलची मोठी शर्यत होते आणि तिथं वरच्या संघांची माणसं हजर असतात. यंदा बचतीतला पैसा त्या एका शर्यतीच्या टायरांवर, ताज्या इंजिनावर आणि चांगल्या क्रू चीफवर घाला.